विचारपूस आणि चौकशी

२०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाबद्दल त्यात बरंच काही होतं, पण माझ्या मनात रुतली ती एक साधी गोष्ट : मुलीच्या अंत्यसंस्काराला ऑफिसातून कुणीही आलं नव्हतं. ते वाचून मी त्या रात्री मनातल्या मनात कारखान्यातली माझ्या पाळीतली, म्हणजे शिफ्टमधली, माणसं मोजली. चौतीस. त्यातल्या किती जणांचं घर मला ठाऊक होतं? सहा.

तेव्हापासून 'माणसं जोडा', 'टीमशी कनेक्ट राहा' असं साहेबलोकांना सारखं सांगितलं जातंय. ते नेमकं करायचं कसं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग वाढदिवसाला केक कापला जातो, दसऱ्याला सगळे एका रंगाचे कपडे घालतात, एखाद्या ॲपवर रोज 'आज कसं वाटतंय' म्हणून हसरा किंवा रडका चेहरा निवडायला लावतात. यात वाईट काही नाही. पण ज्याच्या घरी आजारपण आहे तो केक खाऊन घरी जातो आणि ऑफिसात कुणाला काही कळत नाही.

हा लेख लाइन लीडर, शाखाधिकारी, मुख्याध्यापिका, आयटीतले टीम लीड, हॉटेलचे कॅप्टन अशांसाठी आहे. हाताखाली दहा-वीस-चाळीस माणसं आहेत आणि त्यांच्याशी माणसासारखं नातं असावं असं मनापासून वाटतं, त्या सगळ्यांसाठी.

विचारपूस आणि चौकशी

या विषयाचं मर्म मराठीतल्या दोन शब्दांत आहे. आपण 'तब्येतीची चौकशी केली' असं म्हणतो खरं, पण कारखान्यात 'चौकशी लागली' म्हटलं की पोटात गोळा येतो. चौकशीत उत्तर विचारणाऱ्याच्या कामाचं असतं. विचारपुशीत ते सांगणाऱ्याच्या कामी यायला हवं.

शब्द तेच असले तरी फरक पडतो. "सुट्टी कशाला हवी?" हा प्रश्न समजा दोन साहेबांनी विचारला. पहिल्याला कारण पटलं नाही तर तो सुट्टी नाकारणार आहे. दुसऱ्यानं अर्जावर आधी सही केली आणि मग विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" पहिल्याला कारण मिळतं, तेही बहुतेक वेळा ठरीव : पाहुण्यांकडे लग्न, गावाकडे पूजा. दुसऱ्याला खरं काय ते कळण्याची शक्यता असते. विचारपूस करायची तर आधी हातातली काठी खाली ठेवावी लागते. बाकीचं सगळं तंत्र त्यानंतरचं.

हे पूर्वी वेगळं शिकावं लागत नव्हतं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला, तेव्हा कारखान्याबरोबर गावही वसलं. मालक, फोरमन आणि कामगार एकाच वाडीत राहत. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाकडे दुखणं आहे, हे कळायला वेगळी बैठक लागत नव्हती. त्या काळात सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. मालकाच्या गावात राहण्याचाही एक दाब असतोच. पण माहिती आपसूक पोचायची.

आता चाकणच्या कारखान्यात कामगार कुठल्या तरी गावातल्या खोलीवरून कंपनीच्या बसनं येतो. त्याचा हजेरीपट ठेकेदाराकडे, पगार ठेकेदाराच्या खात्यातून. गेटवर बोट टेकवलं की हजेरी लागते, सुट्टीचा अर्ज मोबाइलवर. आधी हजेरी घेताना मुकादम नाव पुकारायचा, मान वर करून चेहरा बघायचा. रात्रीची झोप न झालेला माणूस तिथंच ओळखू यायचा. ते नाव पुकारणं यंत्रानं वाचवलं, त्याबरोबर तो एक कटाक्षही गेला. कुणी मुद्दाम तोडलेलं नाही, पण जे आपसूक व्हायचं ते आता ठरवून करावं लागतं.

शिकागोजवळच्या कारखान्यात काय कळलं

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं संशोधन अमेरिकेतलं. शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची उपकरणं बनवणारी हजारो माणसं तिथं काम करायची. १९२४ मध्ये प्रयोग सुरू झाला तो दिव्यांचा : उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं का? जिथं उजेड वाढवला तिथं उत्पादन वाढलं, पण जिथं दिवे होते तसेच ठेवले तिथंही वाढलं. मग १९२७ पासून रिले (टेलिफोन यंत्रणेतला विजेचा स्विच) जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून, मधल्या सुट्ट्या, कामाचे तास असं एकेक बदलून पाहिलं. उत्पादन चढत गेलं. 'लक्ष दिलं की माणूस जास्त काम करतो' हा निष्कर्ष तिथून जगभर गेला.

तो निष्कर्ष तेवढा पक्का नाही. त्या मुलींना पैसे मोजण्याची पद्धतच बदलली होती, आणि फार बोलतात म्हणून दोघींना मध्येच काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. त्यामुळे उत्पादन कशानं वाढलं यावर पुढे अभ्यासकांनी बरेच वाद घातले.

मला त्या कारखान्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९२८ पासून दोन-तीन वर्षांत तिथं एकवीस हजारांच्या आसपास कामगारांशी एकेकट्यानं बोलण्यात आलं. सुरुवातीला ठरलेली प्रश्नावली होती : सुपरवायझर कसा आहे, जागा कशी आहे. माणसं उत्तर द्यायची आणि भलतीकडेच वळायची. मुलाचं आजारपण, कर्ज, भावाशी भांडण. मुलाखत घेणारे त्यांना परत प्रश्नाकडे ओढायचे. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की माणूस जिकडे वळतोय तेच त्याचं खरं उत्तर आहे. मग प्रश्नावली बाजूला ठेवली. ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही, एवढेच नियम राहिले. अर्ध्या तासात आटपणाऱ्या मुलाखती तास-दीड तास चालू लागल्या.

एका कामगारानं कँटीनच्या जेवणाबद्दल पोटतिडकीनं तक्रार केली. काही दिवसांनी मुलाखत घेणारा भेटला तर म्हणे, तुम्ही वर कळवलंत, जेवण सुधारलं, फार बरं झालं. प्रत्यक्षात तक्रार कुठंच पोचवलेली नव्हती आणि जेवणही बदललं नव्हतं. नुसतं मन मोकळं झाल्यानं त्याला ते गोड लागू लागलं होतं.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात कौतुकानं सांगतात. मला तिची भीतीही वाटते. ऐकून घेतलं की माणूस शांत होतो, एवढाच धडा घेतला तर विचारपूस हे गप्प बसवायचं औषध होतं. वरणात खरंच पाणी जास्त असेल तर ऐकणाऱ्यानं कँटीनच्या ठेकेदाराकडे जायलाच हवं.

माझ्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक फिटर होता. हात असा, की शाफ्टला नुसतं बोट लावून सांगायचा, 'साहेब, दोन-तीन शतांश बाहेर आहे.' तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी उशिरा येऊ लागला. पहिल्यांदा मी बोललो, दुसऱ्यांदा ओरडलो, पाचव्यांदा मेमो दिला. त्यानं मेमो घेतला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि 'बरं' म्हणाला.

त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, हे मला चहावाल्याकडून कळलं. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करावं लागतं, एका वेळेला चारेक तास जातात. हा पहाटे वडिलांना दवाखान्यात बसवून, बहिणीला तिथं थांबवून कामावर यायचा. चहावाल्याला ठाऊक, टूल रूममधल्या सगळ्यांना ठाऊक. फक्त ज्याच्या हातात पाळी बदलून द्यायचा अधिकार होता, त्यालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं नाही, साहेब. तुम्ही 'उशीर का' एवढंच विचारलंत."

त्या आठवड्यापासून त्याला मंगळवार-शुक्रवार दुसरी पाळी लावली. कारखान्याचं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही. मेमो मात्र त्याच्या फाइलला लागलेलाच राहिला, तो मला काढता आला नाही.

त्यानंतर मी शंभर पानी वही केली. प्रत्येकाला एक पान. वर नाव, खाली त्यानं स्वतःहून सांगितलेलं : मुलगी दहावीला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर, आयटीआयची परीक्षा पुन्हा द्यायची आहे, दर आषाढीला वारीत आठ दिवस. लिहून ठेवावं लागतं, कारण चौतीस जणांचं लक्षात राहत नाही, आणि 'काय रे, मुलाचा निकाल लागला का?' असं मुलगी असलेल्याला विचारलं तर न विचारलेलं बरं. विचारपुशीचा जीव दुसऱ्या प्रश्नात असतो. पहिल्यांदा 'आई कशी आहे' कुणीही विचारतं. पंधरा दिवसांनी 'डोळ्याची पट्टी निघाली का?' असं विचारणारा लक्षात राहतो.

या वहीचे दोन नियम आहेत. ती कुणालाही दाखवायची नाही, मनुष्यबळ विभागालाही नाही. आणि तिच्यात असं काहीही लिहायचं नाही, जे त्या माणसासमोर वाचून दाखवायला आपल्याला संकोच वाटेल.

पण वेळ कुठून आणायचा?

ही पहिली शंका, आणि ती रास्त आहे. सरळ हिशेब मांडू. बारा माणसं असतील आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून वीस मिनिटं दिली, तर दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास. आठ तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा धरला तर पंधरवड्याचे शहाण्णव तास होतात. त्यातले चार. एक कसलेला माणूस सोडून गेला की नवा शोधणं, शिकवणं आणि तोवरचा माल रिजेक्ट होणं यात त्याच्या कितीतरी पट तास जातात.

कंपन्यांमध्ये या भेटीला 'वन-ऑन-वन' म्हणतात. अर्थ एवढाच, की साहेब आणि एक कर्मचारी अशी दोघांचीच ठरलेली भेट. मी तिला 'दोघांचा चहा' म्हणतो. त्यात कामाचा आढावा नको, त्याला वेगळी वेळ असते. आणि ही भेट शेवटच्या क्षणी रद्द करायची नाही. तीनदा रद्द झाली की समोरचा समजून चुकतो, की आपण यादीत तळाला आहोत.

साठ-सत्तर माणसं असतील तर सगळ्यांशी असं बसणं होणार नाही, तसा आवही आणू नये. तेव्हा पाच-सहा लाइन लीडरशी आपण बसायचं आणि त्यांनी आपापल्या माणसांशी. आपल्याकडे राहतं ते नाव. सत्तर जणांचं नाव आणि गाव पाठ करणं हा महिन्याभराचा अभ्यास आहे. होतो.

जवळीक केली तर डोक्यावर बसतात

जुने सुपरवायझर ही शंका हमखास काढतात. घरचं विचारणं आणि कामात सूट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं स्पष्ट ठेवलं तर तसं होत नाही, असा माझा अनुभव. फिटरची पाळी बदलली, पण मापात चूक झाली तेव्हा त्यानं केलेला नग परतच दिला.

उलट, अंतर ठेवण्याची किंमत मोठी असते. एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या चमूंचा अभ्यास केला. औषधं देताना कुठल्या चमूकडून किती चुका होतात, हे ती पाहत होती. ज्यांचं आपसात चांगलं जमतं त्यांच्या चुका कमी निघतील असं वाटलं होतं. आकडे उलटे आले, चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला : तिथं चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. 'चूक कबूल केली तर आपल्याला अपमानित करणार नाहीत' या भरवशाला तिनं पुढे मानसिक सुरक्षितता म्हटलं. १९९९ मधल्या तिच्या शोधनिबंधानं हा शब्द रूढ केला.

आमच्या भाषेत सांगायचं तर, इन्सर्ट (मशीनच्या हत्याराचं कापणारं टोक) झिजला आणि चाळीस नग मापाबाहेर गेले, तर पोरगा ते चाळीस नग घेऊन तुमच्या टेबलाशी येतो की चांगल्या मालाच्या बिनमध्ये मिसळून टाकतो? ज्या साहेबाशी एरवी दोन शब्द बोलायची सवय आहे, त्याच्याकडे वाईट बातमी घेऊन जायला पाय अडखळत नाही. ज्याच्याशी बोलणं फक्त ओरडा खातानाच होतं, त्याच्याकडे कोण जाईल?

खासगी आयुष्यात डोकावणं नव्हे का हे?

होऊ शकतं, आणि इथं आपल्याकडच्या काही सवयी मुळातूनच बदलाव्या लागतील.

नव्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, 'आडनाव काय?' मग 'मूळ गाव कुठलं?' आणि मग 'म्हणजे तुम्ही…' असं म्हणून थांबतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण ज्याला आयुष्यभर हाच प्रश्न जात काढण्यासाठी विचारला गेलाय, त्याला तो बरोबर ऐकू येतो. तो आखडतो, आणि पुढे वर्षभर मोकळा होत नाही. आडनाव हजेरीपटावर आहेच. विचारायचंच तर 'कामाला यायला किती वेळ लागतो?' हे विचारावं. त्या एका उत्तरात माणूस कुठं राहतो, कुणाबरोबर राहतो, कितीला उठतो, असं बरंच काही तो आपल्या मर्जीनं सांगतो.

बायकांना 'लग्न कधी?', 'पाळणा कधी?' हे विचारू नये. थट्टेतही नाही. पुरुष साहेबानं एकट्या बाईशी बोलायचं तर काचेच्या केबिनमध्ये किंवा कँटीनमध्ये, चार जणांना दिसेल अशा ठिकाणी, आणि कामाच्या वेळेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहेच, पण कायद्याच्या धाकापेक्षा समोरचीला बसताना अवघड वाटू नये हे महत्त्वाचं.

ज्याला सांगायचं नाही त्याला न सांगण्याचा पूर्ण हक्क आहे. काही माणसं काम नीट करतात आणि घरचं घरी ठेवतात. त्यांच्याशी क्रिकेटवर बोलावं, पावसावर बोलावं, किंवा नुसतं 'राम राम' म्हणावं. तेही नातंच आहे.

आणि आपल्या गावचा, आपल्या भाषेचा माणूस आपोआप जवळ येतो, याचं भान ठेवावं. माझ्या वहीत पहिल्या वर्षी साताऱ्याकडच्या पोरांची पानं भरलेली होती आणि बिहारच्या आठ जणांची जवळजवळ कोरी. त्यांना दिवाळीला घाईनं सुट्टी नको होती, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठला हवी होती. मी तीन वर्षं त्यांना दिवाळीची सुट्टी दिली आणि छठला कामावर बोलावलं. मोडक्यातोडक्या हिंदीत एकदा विचारलं असतं तर दोघांचीही सोय झाली असती : त्यांनी दिवाळीत मशीन चालवलं असतं आणि आमची पोरं लक्ष्मीपूजनाला घरी असती. आता तसंच करतो.

घरून काम करणाऱ्यांचं काय?

पडद्यावर चेहरा दिसतो, पण बैठक सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या गप्पा होत नाहीत. विचारपूस नेमकी त्याच फटीत होत असते. म्हणून एक साधा फोन करावा, कॅमेऱ्याशिवाय, समोरच्याला चालता चालता बोलता येईल असा. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पाडण्यापेक्षा तीन मिनिटांचा फोन बरा.

पण तो कामाच्या वेळेत. रात्री साडेदहाला 'सहज आठवण आली म्हणून' आलेला साहेबांचा मेसेज कुणीही सहज वाचत नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. कामाचे तास संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असा त्याचा आशय. त्याचा कायदा झाला नाही, पण आपल्या टीमपुरता हा नियम पाळायला संसदेची वाट बघावी लागत नाही.

गोड बोलून पगार वाढत नाही

ही शंका कामगारांकडून येते आणि ती सगळ्यात खरी आहे. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनचा हक्क आहे. तो बुडवणाऱ्या साहेबानं आईची तब्येत विचारली तर ती जखमेवर मीठ चोळण्यासारखी वाटते. ठेकेदार पीएफ भरत नसेल तर आधी ते बघावं. विचारपुशीतून अशा तक्रारी वर येणारच, आणि त्या आल्या की आपली परीक्षा सुरू होते. दहापैकी सात गोष्टी माझ्या हातात नसतात. तेव्हा मी तसं सांगतो : 'हे माझ्या हातात नाही, वर बोलतो, सोमवारी काय झालं ते सांगतो.' आणि सोमवारी जाऊन सांगतो, उत्तर 'नाही' असलं तरी. सोमवारी गेलो नाही तर पुढच्या वेळेस तो कशाला तोंड उघडेल?

मला बोलताच येत नाही

असे साहेब पुष्कळ असतात. मीही त्यातलाच. समोर बसवून 'कसं चाललंय' विचारलं की 'ठीक आहे साहेब' येतं आणि दोघंही भिंतीकडे बघतात. त्यांनी खुर्ची सोडावी. माणसाच्या मशीनपाशी जाऊन शेजारी उभं राहावं, समोर नको. हात कामात असले की जीभ सैल होते. आधी मशीनचं विचारावं आणि मग गप्प राहावं. ती शांतता अर्धा मिनिट टिकवणं हेच अवघड असतं.

मागच्या गुरुवारी लेथवरच्या एका पोराजवळ असाच उभा होतो. नवा आहे, तीन महिन्यांत माझ्याशी चार शब्द बोललेला नाही. मी म्हणालो, "आवाज बदललाय का रे हिचा?"

"हो साहेब. स्पिंडलचा येतोय. कालपासून."

मी कान देऊन ऐकत राहिलो. त्यानं कूलंटचा नळ जरा बंद केला, कापडानं हात पुसले.

"आणि साहेब… शनिवारी दोन तास लवकर सोडाल का? बहिणीला बघायला येणारेत."